कामगाराचे घर आणि वस्तीचा रस्ता



या व्यासपीठावरून आजवर विद्वान मंडळी बोलली आहेत. आमच्यासारख्या युनियनच्या माणसाला येथे बोलावले, हा चालकांचा मोठेपणा आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली आणि त्यांचे बालपण आपल्या या कोल्हापुरात गेले, ही गोष्ट आम्हांला शाळेत कळली नाही, कारण आमची शाळा नववीतच सुटली. पुढे जे काही शिकलो ते शिवाजी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत साचे भरताना, युनियनच्या कचेरीत इतरांचे अर्ज लिहिताना आणि करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन पुस्तके चाळताना. तेव्हा बोलण्यात काही उणे दिसले तर सांभाळून घ्यावे, अशी सुरुवातीलाच विनंती आहे.

चालकांनी 'कामगारांचे प्रश्न' असा विषय सुचविला होता. त्यातला एकच प्रश्न आम्ही आज घेणार आहोत, तो म्हणजे घराचा. आपण म्हणाल, युनियनच्या माणसाने पगार, बोनस, हजेरी यांविषयी बोलावे. घराशी त्याचा काय संबंध? आमचा अनुभव वेगळा आहे. गेल्या तीस वर्षांत आमच्या कचेरीत जे कामगार कागदाची पिशवी घेऊन आले, त्यांच्या पिशवीत पगाराच्या कागदाइतकेच घराचेही कागद निघत. पगाराचा तंटा दोन-चार वर्षांत या ना त्या बाजूला लागतो. घराच्या कागदाचा तंटा मात्र बापाकडून मुलाकडे वारसाने जातो. माणूस आयुष्यात एकदाच घर घेतो, म्हणून त्या कामी तो नेहमी नवशिकाच असतो. समोरचा विकणारा मात्र तेच काम रोज करीत असतो. ही लढत मुळातच बरोबरीची नाही.

आधी आपल्या गावाकडे पाहू. कोटीतीर्थाजवळच्या शाहू मिलची कोनशिला 1906 साली बसली. त्या काळी गिरणीचा भोंगा जेथवर ऐकू येई, तेथवर कामगाराची खोली असे. पेठांतून एक-दोन खणांची भाड्याची जागा, अंगणात सामाईक नळ, आणि कामावर पायी जायचे. नंतर उद्यमनगरात तेलावर चालणारी इंजिने आणि त्यांचे सुटे भाग होऊ लागले. पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथे औद्योगिक वसाहती झाल्या. काम शहराबाहेर गेले आणि पेठेतली जागा मुलाबाळांना पुरेनाशी झाली. मग पाचगाव, मोरेवाडी, कळंबे, उचगाव, सरनोबतवाडी या बाजूंना माणसे पसरली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कोल्हापूरची महापालिका 1972 साली झाली. त्यानंतर पन्नास वर्षे उलटली तरी शहराची हद्द वाढली नाही. वाढवावी म्हणणारे शहरात, नको म्हणणारे खेड्यांत, आणि दोघांच्याही म्हणण्याला कारणे आहेत. खेड्याला शेत जाण्याची व कर वाढण्याची भीती. शहराला आपल्याच नळावर अधिक तोंडे येण्याची चिंता. 2017 साली 42 गावांसाठी वेगळे विकास प्राधिकरण नेमले गेले. परंतु दरम्यानच्या सगळ्या वर्षांत माणसे काही थांबली नव्हती. अशा रीतीने आमची उपनगरे कामाने शहराची, मतदानाने ग्रामपंचायतीची आणि पाण्याने टँकरची झाली.

अशा ठिकाणी कामगाराला परवडणारे घर म्हणजे काय? तर एक गुंठा. एकराचे चाळीस गुंठे, आणि एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट; तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद. या तेहतीस फुटांच्या चौकोनावर आमच्या पिढीने आयुष्याची कमाई लावली आहे. आम्हीही लावली, आणि ती हकीकत येथे सांगितल्यावाचून पुढचे बोलता येणार नाही.

1996 सालची गोष्ट. आमच्या फाउंड्रीतले आणि शेजारच्या दोन कारखान्यांतले आम्ही वीस जण भाड्याच्या खोल्यांना कंटाळलो होतो. शहराच्या बाहेर एका मध्यस्थाने शेत दाखविले. मधोमध वीस फुटी वाट, तिच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा गुंठे. कागदावर शाईने आखलेला नकाशा होता, त्यावर वाटेला 'रस्ता' असे ठळक लिहिले होते. गुंठ्याचा भाव 32,000 रुपये. आमचा महिन्याचा पगार तेव्हा दोन हजारांच्या आतबाहेर. कुणी फंडातून रक्कम उचलली, कुणी पतसंस्थेचे कर्ज काढले, कुणाच्या घरातले दागिने गेले. व्यवहार पाहण्याचे काम सर्वांनी आमच्यावर सोपविले, कारण आम्ही युनियनचे चिटणीस होतो आणि मालकाशी होणाऱ्या करारातला शब्दन् शब्द वाचून मगच सही करतो, अशी आमची ख्याती होती.

जागा पाहायला सर्वजण बायकामुलांसह गेलो. आमच्या एका मोल्डर सोबत्याची पत्नी, तिला आम्ही सारे वहिनी म्हणतो, ती वाटेच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "भावजी, घराचं ऱ्हाऊ दे. मी म्हणतो, ही वाट कुणाच्या नावावर हाय, ते आदी बगा की."

आम्ही हसून उत्तर दिले, "वहिनी, वाट कोण उचलून नेतंय व्हय?" बाकीचेही हसले. तीही मग काही बोलली नाही. महिन्याभरात मुद्रांकाच्या कागदावर साठेखते झाली, नोटरीचा शिक्का बसला, मध्यस्थाने जमीनमालकाचे मुखत्यारपत्र दाखविले आणि वीस घरांनी पैसे मोजले. सातबाराचा उतारा आम्ही पाहिला; पण त्यावर आमची नावे केव्हा येणार आणि वाट कुणाच्या नावे राहणार, हे विचारले नाही.

घरे उभी राहिली. वीट, सिमेंटचे पत्रे, खाली कोबा. रविवारी आम्ही एकमेकांच्या भिंती रचायला जात असू. ती पहिली पाच वर्षे आमच्या आयुष्यातली सुखाची होती, हे कबूल केले पाहिजे. स्वतःच्या दारात माणूस निराळ्या रीतीने उभा राहतो. घरमालकाची चाहूल नाही, नळावरची भांडणे नाहीत; नळच नव्हता, ही गोष्ट वेगळी.

नंतर मूळचा जमीनमालक वारला. मालक वारला की त्याने दिलेले मुखत्यारपत्रही सामान्यतः संपते, हे आम्हांला तेव्हा कळले. त्याच्या मुलांनी सातबारा काढला तर सारी जमीन त्यांच्याच बापाच्या नावे, वाटेसकट. आम्ही त्यांना लबाड म्हणत होतो. पुढे बोलणे झाले तेव्हा कळले की, आम्ही गुंठ्यामागे 32,000 दिले आणि त्यांच्या बापाच्या हाती 14,000 पडले. मधली रक्कम कुठे गेली ते सांगायला नको. तेव्हा मुलांचा संताप अगदीच खोटा नव्हता. 2002 साली त्यांनी मोठ्या रस्त्यालगत आमच्या वाटेच्या तोंडाशी काटेरी कुंपण घातले. बाजूने माणूस जाई, सायकल जाई, चारचाकी जात नसे.

2003 च्या पावसाळ्यात एके रात्री त्या मोल्डर सोबत्याच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका आली ती मोठ्या रस्त्यावरच थांबली. आम्ही चौघांनी त्याला बाजेवर घालून चिखलातून तीनशेतीस फूट नेले. पाय रुतत होते, दोनदा बाज टेकवावी लागली. तो दवाखान्यात पोहोचला, पण पहाटे गेला. वाट मोकळी असती तर तो वाचला असता, असे म्हणण्याचा आम्हांला अधिकार नाही. डॉक्टरांनीही तसे म्हटले नाही. परंतु वाचला नसता, असे स्वतःशी म्हणण्याचा धीर आम्हांला आजवर झालेला नाही. वहिनीने तो प्रश्न विचारला होता, आणि आम्ही हसलो होतो.

दिवस झाल्यावर आम्ही तिच्या घरी गेलो. काय बोलावे ते सुचेना. तीच म्हणाली, "भावजी, आता तरी वाट घ्या."

तेव्हा आम्ही वाट विकत घेतली. तीनशेतीस फूट लांब आणि वीस फूट रुंद म्हणजे सुमारे सहा गुंठे. मालकाच्या मुलांनी गुंठ्याला एक लाख सांगितले. सहा लाख झाले. वीस घरांना प्रत्येकी 30,000. महिन्याला 500 रुपयेप्रमाणे साठ महिने वर्गणी ठरली. वही वहिनीकडे दिली. ती तोवर शाळेत मुलांचा आहार शिजविण्याच्या कामाला लागली होती. साठ महिन्यांत त्या वहीत एका पैशाची चूक निघाली नाही. 2009 साली वाटेचे खरेदीखत झाले. मुलांनी त्याबरोबर आमच्या गुंठ्यांच्या कागदांवरही सह्या दिल्या. नियमित करण्याचा दंड भरला, आणि 2011 साली आमची नावे कागदावर आली. म्हणजे हिशेब असा झाला की, घराच्या जागेला 32,000 आणि त्या घरापर्यंत जाण्याला 30,000. स्वस्त म्हणून घेतलेला गुंठा तेरा वर्षांनी दुपटीच्या घरात गेला, आणि जे रुपयांत मोजता येत नाही ते निराळेच.

या हकीकतीतून आम्हांला जे कळले ते एवढेच : स्वस्त गुंठा हा मुळात स्वस्त नसतोच. त्याच्या किमतीतून रस्ता, गटार, पाणी, दिव्याचा खांब आणि निर्वेध मालकी वजा केलेली असते. ती किंमत कुणीतरी, केव्हातरी भरावीच लागते. आणि ती घर घेणाराच भरतो, हप्त्याहप्त्याने, पुष्कळदा अवेळी. घर एकट्याला विकत घेता येईल; वस्ती मात्र एकट्याला विकत घेता येत नाही. म्हणून आधी रस्ता पाहावा, मग घर.

हे काही नवे तत्त्वज्ञान नव्हे. आपल्याच गावाने ते पूर्वी करून दाखविले आहे. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची पेठ वसविली, 1917 साली जयसिंगपूर वसविले. जयसिंगपुरास कधी गेलात तर मुद्दाम पाहा : सरळ, रुंद रस्ते, काटकोनात मिळणारे. तेथे रस्ते अगोदर आखले आणि घरे मागून आली. आपल्या राजारामपुरीच्या क्रमांकाच्या गल्ल्याही तशाच आखीव. त्या वेळी सत्ता एका हाती होती, म्हणून ते सोपे होते, असे कोणी म्हणेल. असेल. पण मग लोकांच्या हाती सत्ता आल्यावर ते काम लोकांनी मिळून करायला नको काय? आम्ही आधी गुंठे पाडले आणि मग वाट शोधीत बसलो.

यात कायद्याचाही वाटा आहे. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याचा हेतू चांगला होता. शेताचे इतके लहान तुकडे होऊ नयेत की त्यावर नांगर फिरणार नाही. परंतु शहराच्या कडेला नांगर थांबला आणि माणसे आली, तेव्हा त्याच कायद्यामुळे एका गुंठ्याचे सरळ खरेदीखत होईना. लोकांनी गुंठे घ्यायचे थांबविले काय? मुळीच नाही. त्यांनी आडवाटा काढल्या. कुणी नुसत्या साठेखतावर राहिला, कुणी मुखत्यारपत्रावर, कुणी दहा अनोळखी माणसांसह एकाच सातबारावर सामाईक नाव लावून घेतले. शेवटी 2001 साली सरकारला गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला. 1 जानेवारी 2001 पूर्वीच्या वस्त्यांना त्यात जागा मिळाली. 2021 साली ती मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत आणली गेली. गरिबाला रीतसर घर मिळण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली नाही, तर तो बेरीतसर घर बांधतो आणि वीस वर्षांनी कायदाच त्याच्या दारी येतो, असा याचा अर्थ.

आता जे तरुण कामगार घर घेण्याच्या विचारात असतील त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी सांगतो. त्या आम्ही फी भरून शिकलो आहोत. आपण फुकट घ्या.

पहिली गोष्ट, साठेखत म्हणजे खरेदीखत नव्हे. साठेखत हा पुढे विकण्याचा करार असतो; त्याने मालकी येत नाही. मालकी येते नोंदलेल्या खरेदीखताने. नोटरीचा शिक्का म्हणजे दुय्यम निबंधकाकडची नोंदणी नव्हे. खरेदीनंतर फेरफार होऊन सातबारावर अथवा मिळकत पत्रिकेवर आपले नाव लागले की नाही, हे डोळ्यांनी पाहावे. मागच्या तीस वर्षांचे फेरफार काढून एखाद्या वकिलाला दाखवावेत. वकिलाची फी जड वाटते, परंतु ती गुंठ्याच्या किमतीपुढे काहीच नाही.

दुसरी गोष्ट, नकाशा कुणी मंजूर केला ते पाहावे. शाईने आखलेला नकाशा कोणीही आणतो. विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत ती जमीन पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे राहण्यासाठी आहे, की हिरव्या पट्ट्यात, म्हणजे शेतीसाठी, हे विचारावे. बिनशेतीचे नियम सरकार वेळोवेळी बदलत आले आहे. म्हणून शेजाऱ्याने दहा वर्षांपूर्वी काय केले यावर न जाता, आपण व्यवहार करू त्या दिवशीचा नियम कचेरीत जाऊन विचारावा. आणि रस्ता व मोकळी जागा कुणाच्या नावे आहे, हा वहिनीचा प्रश्न विसरू नये. रस्ता खाजगी माणसाच्या नावे असेल तर ग्रामपंचायतीला त्यावर डांबर टाकायला अडचण येते. आम्ही वाट घेतल्यावर ती बक्षीसपत्राने ग्रामपंचायतीला दिली, तेव्हाच तिच्यावर खडी पडली.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि ती दोन्ही अंगांनी. एक पाणी नसण्याचे, दुसरे फार असण्याचे. उन्हाळ्यात जागा पाहून भुलू नये. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फूट आहे. 2019 साली पाणी 55 फुटांच्या वर गेले आणि 2021 साली पुन्हा तसाच प्रसंग आला. नदीच्या दोन पूररेषा असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची लाल. आम्ही दोन वर्षांत दोनदा महापूर पाहिला, तेव्हा त्या वर्षांच्या आकड्यांवर विसंबून न राहता रेषेच्या आत स्वस्त जागा मिळत असेल तर ती का स्वस्त आहे, हे ओळखावे.

सदनिका घेणाऱ्यांसाठी 2016 चा स्थावर संपदा कायदा आहे. 2017 पासून महारेराकडे प्रकल्पांची नोंदणी सुरू झाली. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के रक्कम त्याच प्रकल्पासाठी वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन त्यात आहे. परंतु 500 चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेले लहान प्रकल्प त्या नोंदणीतून वगळलेले आहेत. आणि आपल्या उपनगरांत बांधकाम होते ते बहुधा असेच लहान. म्हणजे जेथे गरीब जातो तेथे कायद्याचा दिवा मंद आहे. तेथे आपलाच कंदील न्यावा लागतो.

चौथी गोष्ट कर्जाची. येथे थोडे गणित करू. वीस लाखांचे कर्ज, व्याज नऊ टक्के, मुदत वीस वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे 18,000 येतो. वीस वर्षांत आपण जवळजवळ 43 लाख भरतो. पहिल्या हप्त्याच्या 18,000 मध्ये 15,000 व्याजाचे आणि तीन हजार मुद्दलाचे. हेच कर्ज पंधरा वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे 20,300, आणि एकूण भरणा साडेछत्तीस लाख. महिन्याला तेवीसशे रुपये अधिक सोसले तर साडेसहा लाखांहून अधिक वाचतात. पण ज्या कामगाराची नोकरी ठेकेदाराच्या हाती आहे, त्याला पंधरा वर्षांचा सोडाच, पंधरा महिन्यांचा भरवसा कोण देणार? म्हणूनच आम्ही म्हणतो की, घराचा प्रश्न आणि कायम नोकरीचा प्रश्न हे एकाच नाण्याचे आहेत. ज्याची हजेरी पक्की नाही त्याचा हप्ताही पक्का नाही. हप्ता घरातल्या कमाईच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नये, असे आम्ही आमच्या सभासदांना सांगतो. आणि घराच्या कागदावर पत्नीचे नाव घालावे. महाराष्ट्रात 2021 साली स्त्रीच्या नावे होणाऱ्या घरखरेदीस मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत सुरू झाली. पण सवलत नसती तरी आम्ही हेच सांगितले असते. कारण पुरुष गेल्यावर कचेऱ्यांचे उंबरे तिलाच झिजवावे लागतात.

हे सारे एकेकट्याने सांभाळायचे म्हटले तर माणूस थकून जाईल. येथे संघटनेची गरज लागते. सोलापूरकडे पाहा. तेथील विडी कामगार स्त्रिया भाड्याच्या अंधाऱ्या खोल्यांत राहत आणि त्याच खोलीत बसून विड्या वळीत. त्यांचे घर हाच त्यांचा कारखाना. आपल्याला घर हवे, असे त्यांनी संघटनेतर्फे वर्षानुवर्षे मागितले. माजी आमदार नरसय्या आडम त्यांचे पुढारी. कुंभारी येथे दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिला गोदूताई परुळेकरांचे नाव दिले. केंद्राने वाटा दिला, राज्याने दिला, आणि कामगार स्त्रीने स्वतःचा भरला. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी ती घरे त्यांच्या स्वाधीन केली. नंतर असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची रेनगर ही वसाहत आखली गेली, आणि तिच्यातील पंधरा हजार घरे 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली गेली. पक्ष निराळे, सरकारे निराळी. मागणी एकच राहिली आणि ती मागणारी माणसे एकत्र राहिली, म्हणून हे घडले. आपल्या वीस घरांच्या गल्लीला जमीनमालकाशी बोलायला तेरा वर्षे लागली. तेथे हजारो स्त्रिया एका कागदावर सही करून सरकारशी बोलल्या.

दूरदेशीचेही एक उदाहरण देतो. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात घरांची अशीच टंचाई होती. त्या नगरपालिकेने 1923 साली घरांवर चढता कर बसविला. मोठ्या घराला फार मोठा, लहानाला नाममात्र. त्या पैशातून 1934 पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे बांधली. त्यांतली एक वसाहत, कार्ल मार्क्स यांच्या नावाची, 1930 साली पुरी झाली. तीत सुमारे चौदाशे घरे, आणि त्यांच्या जोडीला धुण्याची जागा, स्नानगृहे, बालवाडी. कामगाराला चार भिंती दिल्या की काम संपले, असे त्यांनी मानले नाही. आपल्याकडे नगरपालिका आणि ग्रामपंचायत यांच्यात उपनगर कुणाचे हा वाद चालू असताना, बालवाडी कुणी काढायची हा प्रश्न कुणाच्याच वहीत येत नाही.

तरीही उपनगराची नुसती तक्रार करून बसणे आम्हांला मान्य नाही. आमच्या गल्लीत आज वीस घरे आहेत. पत्र्यांच्या जागी स्लॅब आले. पलीकडे आणखी तीन गल्ल्या झाल्या. 2019 च्या पुरात शहरातली ओळखीची कुटुंबे आमच्याकडे येऊन राहिली, आणि ज्या वाटेने आम्ही एके काळी बाज नेली त्याच वाटेने भाकरीच्या टोपल्या गेल्या. गल्लीच्या तोंडाशी फळा आहे. त्यावर दर महिन्याला खर्च लिहिला जातो. नव्याने जागा घेणारा कुणी आला की, मंडळी त्याला आधी वहिनीकडे पाठवितात. ती आता पंचावन्नच्या पुढे आहे. ती त्याला चहा देते आणि एकच प्रश्न विचारते. तो प्रश्न आपल्याला आता ठाऊक आहे.

आम्ही चिटणीस म्हणून पुष्कळ करार केले. त्यांतले काही चांगले झाले, काही पडते घ्यावे लागले. पण आमच्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक कारखान्यात झाली नाही. ती त्या शेतात उभे राहून हसण्यात झाली. ती चूक चारचौघांत सांगितल्याने भरून येणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु आपल्यापैकी एकाने जरी उद्या जागा पाहायला गेल्यावर घराच्या भिंतीकडे पाहण्याआधी पायाखालची वाट पाहिली, आणि आपल्याबरोबर आलेल्या बाईमाणसाचा प्रश्न हसण्यावारी नेला नाही, तर आजची ही घटका कारणी लागली असे आम्ही समजू.